बटणामागचा रेझिस्टर

रबाळ्याच्या आमच्या कारखान्यात लिफ्टच्या बटणांची पॅनलं बनतात. त्यांच्या सर्किटचं डिझाइन माझ्याकडे असतं. नवं पॅनल पातळ हवं होतं, बोर्डावर जागा पुरेना, तेव्हा साहेबांनी प्रत्येक बटणामागच्या छोट्या रेझिस्टरवर बोट ठेवलं. म्हणाले, स्टॅटिकचा झटका अडवायला डायोड आहे की, मग हे कशाला?

मी सांगून पाहिलं. कोरड्या हवेत माणसाचं बोट बटणाला लागलं की कधी कधी ठिणगी उडते. डायोड तिचा बराचसा जोर ग्राउंडकडे वळवतो, पण थोडा पुढे जातोच, आणि तो चिपपर्यंत पोचायच्या आत रेझिस्टर आवरतो. एकट्या डायोडनं भागत नाही. साहेबांनी ऐकून घेतलं आणि ड्रॉइंग संध्याकाळपर्यंत द्यायला सांगितलं. मी रेझिस्टर काढले. खाली सही माझीच.

हिवाळ्यात पॅनलं परत यायला लागली. डायोड शाबूत, चिप मेलेली. कारण मला पहिलं पॅनल उघडलं तेव्हाच कळलं. साहेबांनी मात्र टेस्टिंगच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे नावडे गावची एक बाई आठ वर्षं बसत होती. अंगातलं स्टॅटिक चिपला लागू नये म्हणून बोर्ड हाताळताना मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधावा लागतो. तो तिनं बांधला नसणार, असं ठरून गेलं. मीटिंगमध्ये तिला उभं केलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “मॅडम, मी पट्टा कवाच काढला नाय. तुमी रोज बघता.”

मी रोज बघत होते. मी समोरचे कागद चाळत राहिले. महिनाअखेरीस तिला कामावरून काढलं.

पुढच्या डिझाइनमध्ये रेझिस्टर परत आले. साहेबांनी ती स्वतःची सुधारणा म्हणून मांडली. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या.

नंतर एका रविवारी मी नावड्याला तिच्या घरी गेले. ओटीवर ती सुकट निवडत होती. चूक माझ्या सर्किटची होती, तुमची नव्हती, असं सगळं तिला सांगितलं. तिनं मान वर न करता विचारलं, “ह्यं साहेबाला सांगितलाव?”

मी नाही म्हणाले.

“मंग मना कशाला सांगता?”

तिनं आतून पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि पुन्हा सुकट निवडायला बसली. मी पाणी प्यायले आणि निघाले. सोमवारी वेळेवर कामावर हजर होते.