तीन रंगांचा डबा

आहारशास्त्र शिकलेली माणसं जगात पुष्कळ असतील, पण कुठल्या पदार्थात अँटीऑक्सिडंट आहे आणि कुठल्यात नाही हे नुसतं पातेल्यावरचं झाकण उचलून सांगणारा माणूस एकच आहे. तो माझा सासरा आहे हे माझं भाग्य, असं लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मला अजिबात वाटलं नाही.

मी मूळची डिचोलीची. लग्न होऊन पेडण्यातल्या पार्से गावात आले त्याच वर्षी सासरे वास्कोच्या बंदरातली नोकरी संपवून कायमचे घरी आले. म्हणजे त्या घरात आम्ही दोघंही तसे एकाच वेळी नवे. बत्तीस वर्षं ते शनिवारी संध्याकाळच्या बसने यायचे आणि सोमवारी पहाटेच्या बसने परत जायचे. बंदरात त्यांचं काम एकच, गंज काढायचा. बार्जचे, क्रेनचे, पाण्याच्या टाक्यांचे पत्रे हातोडीने ठोकायचे, तारेच्या ब्रशने खरवडायचे, पुसायचे आणि वर तांबड्या रंगाचा हात मारायचा. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक परत गंजलेलं असायचं. "दर्याच्या वाऱ्याक लागून काम कधी संपलां नाय गो बाय," ते मला सांगत, "म्हणान पगारय कधी बंद जालो नाय."

अशा माणसाला घरी बसून करायचं काय? तीन-चार महिने त्यांनी घरातल्या खिडक्यांचे गज रंगवले, विहिरीचा रहाट रंगवला, सासूबाईंची जुनी लोखंडी खाट रंगवली. रंगवण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा सासूबाई त्यांना पंचायतीच्या सभागृहात एका व्याख्यानाला घेऊन गेल्या, मुख्यतः तिथे चहा आणि सामोसे होते म्हणून. कुणी डॉक्टरीणबाई रोजच्या जेवणातून अँटीऑक्सिडंट कसे मिळवावेत यावर बोलत होत्या. कापलेलं सफरचंद काळं पडतं, लोखंड गंजतं, साधारण त्याच जातीची झीज आपल्या शरीरातही चालू असते, रंगीत भाज्या, फळं, कडधान्यं, मसाले खाल्ले तर तिला थोडा आवर बसायला मदत होते, असं त्या म्हणाल्या. सासरे ताडकन उभे राहिले. "बाई, भाज्यांचां तुमी सांगा," ते म्हणाले, "गंजाचां माका सांगा नाकात. बत्तीस वर्सां मियां तोच काढलो." सभागृहात हशा झाला. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. सामोसा हातात तसाच धरून ते व्याख्यान संपेपर्यंत उभे होते, आणि सासूबाई म्हणतात की हातातला सामोसा न खाता घरी आणणारा माणूस त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. पहिला नियम, ताटात रोज तीन रंग हवेत. भात आणि खोबरं धरायचं नाही, कारण पांढरा हा रंगच नव्हे. मग एका बाजूला तांबडी भाजी, दुसरीकडे भोपळ्याची किंवा शेवग्याच्या पाल्याची, आणि तिसरा रंग नसला तर सासरे हातात कातर घेऊन परसात उतरायचे आणि काहीतरी कापूनच वर यायचे. एकदा तिसरा रंग म्हणून जास्वंदीचं फूल ताटात आलं. दुसरा नियम, कशाचंही साल काढायचं नाही. बटाट्याचं नाही, काकडीचं नाही, वांग्याचं तर नाहीच. माझी आई एकदा डिचोलीहून राहायला आली आणि सवयीने दोडक्याच्या शिरा तासत बसली, तर ते तिच्यासमोर पाटावर बसून अत्यंत आदराने म्हणाले, "विहीणबाई, तुमी हो दोडको सोलतात काय माझां काळीज?" आईने त्या भेटीत पुन्हा विळीला हात लावला नाही. तिसरा नियम लसणीचा. लसूण ठेचली की तिला दहा मिनिटं विसावा द्यायचा, मगच फोडणी. ते घड्याळ घेऊन उभे राहायचे. पाहुणे बाहेर भुकेने कळवळत असायचे, कढईत तेल धुरावायला लागायचं आणि सासूबाई ओरडायच्या, "अवो, हां घर आसा, बंदर न्हय!" त्यावर शांतपणे उत्तर यायचं, "अजून चार मिनटां."

सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की ते पायऱ्या उतरून त्याच्या सायकलीपाशी जात आणि टोपलीतला पाव बाजूला सारून खालची कोंड्याची पोई काढून घेत. चहा बिनदुधाचा. कोकमाचं आगळ बिनसाखरेचं, आणि ते पिताना समोरच्याचा चेहरा वाकडा झाला की त्यांना समाधान वाटायचं. तोंड वाकडं झालं म्हणजे आत काहीतरी खरवडलं गेलं, असा त्यांचा हिशेब. गावातल्या कुठल्याही लग्नात आमच्याकडून आहेर म्हणून आगळाचीच बाटली जाते. पण डबाबंद पावडरी आणि महागड्या गोळ्यांचा त्यांना मनापासून तिटकारा. असली एक पावडर विकायला कुणी गृहस्थ घरी आला, तेव्हा त्याला त्यांनी पाऊण तास आपलं परस दाखवलं, प्रत्येक झाडापाशी थांबवलं, आवळे चाखवले, आणि निघताना पिशवीभर लिंबं दिली. गृहस्थ परत आला नाही, पण आवळे मागायला त्याची बायको आली. हरमलला आमच्या एका नातेवाइकांच्या खोल्या आणि छोटं हॉटेल आहे. तिथे परदेशी पाहुण्यांसाठी केलेला एक वाडगा त्यांना कुणीतरी दाखवला. त्यात केळं होतं, पपई होती, चिकू होता, वर तीळ पेरलेले. त्यांनी तो वाडगा सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला आणि म्हणाले, "आमचां परस हेंनी वाटयेत घातलां आणि इंग्लिश नाव दिलां." तरीही जाताना आचाऱ्याला त्यांनी सांगून ठेवलं की पाच-सहा जांभळंही घाल, बिचारे लांबून आलेत.

या सगळ्याला घरातला एकच माणूस कधी काही बोलला नाही. तो माझा नवरा. तो डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कामाला आहे, रोज सकाळी स्कूटरने जातो. त्याचा डबा सासरे स्वतः भरायचे. मला नाही, सासूबाईंना नाही, डब्याला हात लावू द्यायचे नाहीत. पहाटे उठून तीन कप्प्यांत तीन रंग, वर लिंबाची फोड, बाजूला भाजलेल्या तिळांची पुडी. संध्याकाळी डबा परत आला की उघडून बघायचे. धुऊन पुसून लख्ख. "कशी लागली?" ते विचारायचे. "बरी," नवरा म्हणायचा, आणि आंघोळीला जायचा. त्या एका 'बरी'वर सासरे दुसऱ्या दिवसाचा बेत आखायचे. बापलेकांमध्ये दिवसभरात तेवढाच संवाद व्हायचा. भांडण म्हणून कधी झालंच नव्हतं. भांडण व्हायला आधी ओळख लागते, आणि ज्या वयात ती होते त्या वयात नवऱ्याने वडिलांना फक्त रविवारी पाहिलेलं.

आता सांगते ते मला आधीपासून ठाऊक होतं, आणि मी गप्प बसले, याची मला अजून लाज वाटते. नवऱ्याच्या शर्टाला संध्याकाळी कँटीनच्या भजीचा वास यायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "तो डबा मी खात नाही गं. बरोबरच्या एका कोल्हापूरच्या माणसाला देतो. एकटा राहतो बिचारा." "मग पपांना सांग ना," मी म्हटलं. "काय सांगू?" तो म्हणाला. मलाही सुचलं नाही काय सांगावं ते, आणि वर्ष निघून गेलं.

एका रविवारी दुपारी अंगणात रिक्षा थांबली. एक तिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस उतरला, आणि त्याच्यामागे नऊवारीतली त्याची आई, डोक्यावर गुळाची ढेप घेऊन. नवऱ्याचा चेहरा पाहूनच मला कळलं हा कोण ते. म्हातारी थेट व्हरांड्यात आली आणि सासऱ्यांच्या पायांवर वाकली. "दादा, माझ्या लेकासाठी वरीसभर डबा पाठिवलासा," ती म्हणाली. "मी गावाकडं, सूनबाई अजून यायची हाय, ह्यो हितं काय खात असंल या काळजीनं मला घास गोड लागत न्हवता. तुमी पोटच्या पोरावानी सांभाळलासा." तिचा मुलगा माझ्या नवऱ्याकडे बोट दाखवून हसत म्हणाला, "काका, ह्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, घरातनं दोन डबे येतात, एक तुझा. म्हटलं, अशी माणसं कुठं मिळायची?"

सासूबाई दारात उभ्या होत्या त्या तिथेच थांबल्या. आमच्या घरातून रोज एकच डबा जात होता. सासऱ्यांनी म्हातारीला खांद्याला धरून उठवलं, खुर्ची दिली आणि मुलाकडे न बघता पाहुण्यासमोर बसले. मला वाटलं आता काहीतरी फुटणार. पण खुर्ची जरा पुढे ओढून ते त्या माणसाला म्हणाले, "तायकिळ्याची भाजी केल्ली, पावसात. ती कशी लागली?"

"टाकळा न्हवं का तो? कडू लागली काका. पण दुसऱ्या दिवशी परत खावीशी वाटली."

"मीठ?"

"मीठ कधी कधी कमी असायचं. आणि खरं सांगू? पहिला महिनाभर मला वाटायचं काकांच्या घरात साखर येत न्हाई का काय."

सासरे हसले. मग त्यांनी वर्षभराची एकेक भाजी काढली. लाल माठ, अळू, भोपळ्याची फुलं, नाचण्याची भाकरी, बिटाची कोशिंबीर. तो माणूस प्रत्येकाचं खरं खरं सांगत गेला, कुठली आवडली, कुठली अर्धी ठेवली, कुठली त्याने शेजारच्या माणसाला दिली. दीड तास ते दोघे बोलत होते. माझा नवरा खांबाला टेकून ऐकत होता. वर्षभर त्याने 'बरी' या एका शब्दात जे गुंडाळलं होतं ते सगळं त्याच्यासमोर उलगडलं जात होतं. पाहुणे निघाले तेव्हा सासऱ्यांनी गुळाची ढेप उन्हात धरून पाहिली, काळपट तांबूस होती. "हेका रंग आसा," ते म्हणाले आणि ठेवून घेतली.

पाहुणे गेले. सासूबाईंनी मला आत चल म्हणून डोळ्यांनी खुणावलं, पण आम्ही दोघीही दाराआड उभ्या राहिलो, हे कबूल करायला हवं.

"पपा," नवरा म्हणाला, "मला तसलं खायची सवय नाही."

"सवय खंयसून आसतली?" सासरे म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तुका सवय लावची तेव्हा हांव वास्कोक. थंय मी लोकांच्या बोटींचो गंज काढी होतंय, आणि हंय घरात कितें जाता तां बघूक कोण नाय." "माका वाटलां, डब्यातसून तरी कितेंतरी तुझ्या पोटात जाता. माझ्या हातचां."

नवरा उठून परसात गेला आणि काळोख होईपर्यंत आत आला नाही.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर दोन डबे होते. एक कोल्हापूरच्या माणसाचा. त्याला आता अर्ध्यावर सोडणं सासऱ्यांना मंजूर नव्हतं. दुसरा रिकामा. नवरा उठून स्वयंपाकघरात आला तेव्हा सासरे म्हणाले, "तुझो तू सांग. कितें घालूं?" नवरा इतका गोंधळला की "बटाट्याची भाजी" एवढंच त्याच्या तोंडून निघालं. बटाट्याची भाजी झाली. सालासकट झाली, हळद जरा जास्त पडली, पण झाली. त्या दिवसापासून त्यांच्यात घासाघीस चालू आहे. आठवड्यातून दोन दिवस तळलेले बांगडे चालतील, पण बरोबर सोलकढी. बुधवारी पाव चालेल, पण गुरुवारी पोई. सासूबाई म्हणतात, एवढं तर आमच्या लग्नाच्या वेळी दोन्हीकडच्या मंडळींनी केलं नव्हतं.

मागच्या महिन्यात एके दिवशी डबा भरून झाल्यावर सासऱ्यांनी चप्पल घातली आणि म्हणाले, "आज हांव येतंय." नवऱ्याने त्यांना स्कूटरवर मागे बसवून डिचोलीला नेलं. आत जायला परवानगी नव्हती, म्हणून ते फाटकाबाहेरच्या बाकावर बसून राहिले. पहारेकऱ्याने विचारलं, कोण हवंय? "कोण नाका," ते म्हणाले. "माझो चेडो भितर कामाक आसा. जेवूक भायर येतलो." दुपारी नवरा आणि तो कोल्हापूरचा माणूस बाहेर आले, आणि तिघांनी एका सावलीत बसून डबे उघडले.

संध्याकाळी नवऱ्याने मला हे सगळं सांगितलं. घरी सासरे आम्हा सगळ्यांना वाढून झाल्यावर मागाहून सासूबाईंबरोबर जेवतात, म्हणून त्याने त्यांना समोर बसून जेवताना असं कधी नीट पाहिलंच नव्हतं.

"पपा फार सावकाश जेवतात गं," तो म्हणाला. "आणि फक्त डाव्या बाजूनं चावतात. उजव्या बाजूला दातच नाहीत. मला ठाऊकच नव्हतं."