ओहोटीला सोडलेला सदरा

"हिला असं आत कोणी आणलं? फरशी बघा."

सरकारी वकील असं म्हणाले आणि भरलेलं कोर्ट माझ्या पायांकडे बघू लागलं. मीही बघितलं. दारापासून साक्षीदाराच्या पिंजऱ्यापर्यंत माझ्या पावलांचे पांढरे ठसे उमटले होते. मीठ. पोटऱ्यांवर सुकलेलं, टाचांच्या भेगांत बसलेलं. शिपाई फडकं घेऊन आला आणि माझ्यासमोर वाकून पुसू लागला. वकील म्हणाले, "राहू दे रे, जाताना परत सांडेलच." लोक हसले. जज्जसाहेबही हसले.

हसला नाही तो एकटा माझा दादा. समोरच्या पिंजऱ्यात उभा होता, हातात बेडी. त्याच्यावर दोन खुनांचा आरोप होता आणि त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला सरकारनं मला बोलावलं होतं. मी अठरा वर्षांची होते.

मी घाणेरडी म्हणून तशी गेले नव्हते. समन्स आठ दिवस आधी निघालं होतं म्हणे. ते आमच्या मालकाच्या, शेठच्या कचेरीत पडून राहिलं, कारण आमचा पत्ता काय, तर मिठागर. त्या सकाळी मी डोक्यावर मिठाची टोपली घेऊन राशीकडे चालले होते. बांधावर पोलीस उभा. "चल, तारीख आहे." मी म्हटलं, पाय धुऊन येते. तो म्हणाला, "जीपमध्ये बस." पाय धुवायला किती वेळ लागतो? तेवढाही दिला नाही. आणि सबंध खटला उभा होता तो धुण्यावर.

आम्ही वसईच्या खाडीकडची मिठागरावरची माणसं. बाप मी लहान असतानाच गेला. आई, दादा आणि मी, तिघंही शेठच्या आगरावर. दादा वाफ्यात फळी ओढायचा, आम्ही दोघी मीठ वाहायचो. आणीबाणी नुकतीच उठली होती, पण आमच्याकडे ती कधी आली आणि कधी गेली ते कळलं नव्हतं.

आगरावर मुकादमाची झोपडी होती. मुकादम आमच्यातलाच. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, म्हणून पाच वर्षांचा मुलगा त्याच्याजवळ राहायचा. एका पहाटे, फटफटताना, दादा पाणी घ्यायची उघाडी, बांधातलं दार, बघायला गेला. मुकादम झोपडीच्या दारात पडला होता. डोकं फुटलेलं. आणि पोर वाफ्यात. पालथं, टीचभर खाऱ्या पाण्यात.

दादानं पोराला उचललं. जिवंत असेल म्हणून उचललं. छातीशी धरून पाठ चोळली. मग कळलं की ते थंड पडलंय. त्याला बापाच्या शेजारी ठेवून तो उठला, तेव्हा सदरा रक्तानं आणि मिठाच्या पाण्यानं भिजला होता.

मग त्यानं काय केलं? जे आमच्यातल्या कोणीही केलं असतं तेच केलं. आमच्यात असं अवचित मेलेल्या माणसाला हात लागला, तर तसंच घरी यायचं नाही. आधी खाडीत डोक्यावरून बुडी मारायची. अंगावरचं कापड ओहोटीच्या पाण्यात सोडायचं, मागे वळून बघायचं नाही, आणि मग घर. नाहीतर मेलेला कपड्याला धरून मागोमाग येतो. घरात लहान पोर असेल तर त्याला धरतो. माझ्या बापाला खाडीतून काढणाऱ्या चौघांनी हेच केलं होतं. चौघंही उघड्या अंगानं आमच्या दारात उभे होते, ते मला आठवतं.

दादा तसाच आला. ओला, उघडा.

"बाय, मुकादमाला कोनीतरी मारला. पोराला पन. मी पोराला उचलला."

"सदरा कुठंय?"

"सोडला. ओहोटीच होती. आता कपडे दे, पोलीसपाटलाकडं जाताव."

मी दोरीवरचे कपडे काढून दिले. आईनं त्याला चहा पाजला. मी आजही तो चहा विसरत नाही. तो चहा पिईपर्यंत आगरावर शेठचा पुतण्या पोचला होता, आणि पाटलाकडे खबर दादाच्या आधी त्याची गेली. दादा पाटलाच्या अंगणात शिरला तो सरळ पोलिसांच्या हातात.

दोन दिवसांपूर्वी त्याचं मुकादमाशी भांडण झालं होतं. उघाडी उघडी राहून दोन वाफ्यांचं मीठ विरघळलं होतं आणि मुकादमानं सगळ्यांसमोर त्याच्यावर खापर फोडलं होतं. दादा तापट. म्हणाला होता, "तुना खाडीत गाडीन." आमच्या आगरावर दिवसातून चारदा कोणी ना कोणी कोणाला तरी खाडीत गाडायचा. पण हे कागदावर आलं आणि त्याची धमकी झाली.

वर्षभरानं खटला. दादाला वकील सरकारनंच दिला होता. तो दादाला एकदा भेटला, तोही कोर्टाच्या व्हरांड्यात. आम्हाला एकदाही नाही. आणि मी पायाला मीठ घेऊन पिंजऱ्यात.

"तुझा भाऊ त्या सकाळी घरी आला तेव्हा ओला होता?"

"हो."

"अंगावर सदरा होता?"

"नाय."

"कुठे होता सदरा?"

"खाडीत सोडला."

"हे त्यानं तुला स्वतः सांगितलं?"

"हो. पन साहेब, आमच्यात मेलेल्या मानसाला हात लागला का..."

"विचारलं तेवढंच सांग. सदरा खाडीत टाकला. हो की नाही?"

"साहेब, त्यानं पोराला उचलला होता, म्हनून आमच्यात..."

"हो की नाही?"

मी जज्जसाहेबांकडे बघितलं. वाटलं, एवढा मोठा माणूस, हा तरी विचारील की तुमच्यात काय. ते म्हणाले, "बाई, कोर्टाचा वेळ घेऊ नका. हो की नाही?"

"हो."

कारकुनानं ते एक अक्षर टाईप केलं. आमच्या वकिलाला विचारलं, उलटतपासणी? तो उठला, "नाही" म्हणाला आणि बसला. मी पिंजऱ्यातून उतरले. माझ्यामागून शिपाई फडकं घेऊन आला.

मी बाहेर गेले नाही. साक्ष दिलेल्याला मागे बसता येतं, म्हणून भिंतीला टेकून खाली बसले. पुढची साक्ष शेठच्या पुतण्याची होती. त्याला बसायला खुर्ची दिली. पाण्याचा पेला दिला. तो इस्त्रीच्या कपड्यांत होता, शांत बोलत होता. म्हणाला, "मीही मुकादमाला हलवून पाहिलं. माझ्या शर्टालाही रक्त लागलं."

आमच्या वकिलाला काय सुचलं कोण जाणे, त्यानं विचारलं, "तो शर्ट कुठे आहे?"

"धोब्याकडे दिला. त्याच दिवशी."

"बरं," आमचा वकील म्हणाला आणि खाली बसला.

बरं! मी भिंतीला टेकून ऐकत होते. सगळे ऐकत होते. सरकारी वकील कागद चाळत होते. जज्जसाहेब लिहीत होते. धोब्याला कोणी बोलावलं नाही. तो शर्ट आजही कुठल्यातरी कपाटात घडी घालून असेल. त्यानं मारलं असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. मी बघितलेलं नाही. मला एवढंच माहीत आहे की त्या सकाळी एकाच आगरावर दोन माणसांचे कपडे रक्तानं भरले आणि दोघांनीही ते पाण्याला दिले. एकाची ती स्वच्छतेची सवय ठरली, दुसऱ्याला फाशी झाली.

निकालात तसंच आलं. आरोपीनं थंड डोक्यानं पुरावा नष्ट केला, घरी जाऊन चहा घेतला. लहान मुलाचा खून, म्हणून दया नाही. मरेपर्यंत फाशी. आणि खाली लिहिलं होतं, आरोपीच्या सख्ख्या बहिणीनंच हे कबूल केलं आहे.

सख्ख्या बहिणीनंच. मी.

शपथेवर खरं बोलायचं, एवढंच मला ठाऊक होतं. खोटं बोलले असते, सदरा घरातच होता म्हणाले असते, तर? हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलं आहे की आता त्याचा ताप येत नाही, नुसती बोच राहते.

वरच्या कोर्टानं शिक्षा कायम केली. तिथे आम्हाला कोणी बोलावलंच नाही. मग तुरुंगातून निरोप आला, दयेचा अर्ज करा. आगाशीकडे नंदाखालला एक शाळामास्तर राहायचे. ख्रिस्ती, केळीच्या वाडीत घर. लोकांचे अर्ज फुकट लिहून द्यायचे. आई आणि मी चालत गेलो. त्यांनी आम्हाला ओट्यावर नाही, आत बसवलं. सगळं ऐकून घेतलं. दादाला पकडल्यापासून आमचं म्हणणं कोणी सबंध ऐकलं, ते पहिल्यांदा. मग ते चष्मा पुसत म्हणाले, "हे बघ मुली, दयेच्या अर्जात वाद घालायचा नसतो. चूक झाली, पश्चात्ताप होतोय, पदरात घ्या, असं लिहावं लागतं. मी तसं लिहितो. कदाचित जीव वाचेल."

आई लगेच म्हणाली, "लिहा, मास्तर. काय पन लिहा."

मला दादाची शेवटची भेट आठवली. जाळीच्या पलीकडून तो म्हणाला होता, "बाय, मी पोराला उचलला तो जितं असंल म्हनून. ता कोनाला तरी सांग."

मी म्हटलं, "मास्तर, चूक लिहू नका. त्यानं जे केलं ते लिहा. पोराला का उचलला, खाडीत का बुडला, सदरा का सोडला. मना कोर्टान बोलू दिला नाय ता सगला लिहा."

आईनं माझ्या थोबाडीत मारली. मास्तरांच्या समोर. "तुझ्या बोलन्यानं आधीच मारलास त्याला," म्हणाली. मी रडले नाही. मास्तरांनी कागद पुढे ओढला. मग त्यांनी मी सांगितलं तसं लिहिलं, चार पानं. खाली आईनं अंगठा दिला, तोंड फिरवून.

दहा महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं. अर्ज नामंजूर.

मास्तरांचं ऐकलं असतं तर दादा जगला असता का? मला माहीत नाही. हे कोणी मला सांगू शकत नाही. आई मरेपर्यंत मला दोष देत राहिली आणि मी तो घेत राहिले.

दादाला फाशी दिली तेव्हा प्रेत आम्हाला मिळालं नाही. तुरुंगातच उरकलं. आम्हाला एक कागदी पुडकं दिलं. त्यात पकडलं त्या दिवशीचे त्याचे कपडे होते. मी दोरीवरून काढून दिलेला निळा सदरा आणि अर्धी चड्डी. सदऱ्याच्या खांद्यावर फाटलं होतं. ठाण्यात पहिल्या दिवशी ओढताना फाटलं असणार. कॉलरला वाळलेलं रक्त होतं. त्याचं स्वतःचं.

घरी आलो त्या दुपारी ओहोटी लागली होती. आईनं पुडकं उचललं आणि खाडीची वाट धरली. मी मागून गेले. ती गुडघाभर पाण्यात शिरली, सदरा पाण्यावर धरला. मी तिचा हात पकडला.

"सोड गं."

"नाय सोडायचा, आये."

"मग तो सुटंल कसा? घरान फिरत ऱ्हाईल."

"फिरू दे. याच्यावर रगत हाय त्याचं. यो पुरावा हाय."

"कोनाला दावशील? कोन बघतंय तुझा पुरावा?"

तिचं खरं होतं. तेव्हा बघणारं कोणी नव्हतं. आम्ही दोघी त्या पाण्यात सदऱ्यासाठी ओढाताण करत होतो, बांधावर बाया उभ्या राहून बघत होत्या. आईनं मला शिव्या दिल्या, ओरबाडलं, आणि शेवटी दमून चिखलात बसली. मी सदरा वर धरून उभी राहिले. भिजू दिला नाही. आमच्या घराण्यात त्या रिवाजाला पहिल्यांदा नाही म्हणणारी मी. रिवाज वाईट म्हणून नव्हे. आमचा रिवाज काय ते विचारून न घेता ज्यांनी त्याचा फास केला, त्यांच्या हाती पुन्हा फास लागेल असं पाण्याला आता मी काहीही देणार नव्हते.

पुढे मास्तरांकडे जाऊन मी लिहावाचायला शिकले. पहिलं वाचलं ते दादाच्या निकालपत्राची नक्कल, बोट ठेवून, दोन महिने लागले. मिठागरं अजून आहेत, माणसं अजून तिथे मरतात. कोणी बुडतो, कोणाला कोणी मारतो. आता आमच्या वस्तीत असं काही झालं की पोरं आधी माझ्याकडे पळत येतात. मी सांगते, बुडी मारू नका. कपडे तसेच अंगावर ठेवा. आधी चौघांना हाक मारा, आधी खबर द्या. म्हातारे मला शिव्या घालतात, भुतं घरात आणते म्हणतात. येऊ देत.

आणि कोर्टात आमच्यातल्या कोणाची तारीख असली की मी जाते. पाय न धुता जाते. गेल्या खेपेला मलाच साक्षीला उभं केलं होतं. नवा वकील, तोच प्रश्न. हो की नाही? मी पिंजऱ्याची कड धरली आणि म्हटलं, "दोन्ही नाही. मी सगळं सांगणार, तुम्ही सगळं लिहिणार. तोवर मी खाली उतरत नाही."

शिपाई पुढे आला. मी कड सोडली नाही.

सदरा माझ्या पेटीत आहे. धुतलेला नाही. धुणार नाही.