सोपानने भरलेली बॅग

सोपान गेला हे ज्याला ज्याला कळवलं, त्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, “कुठल्या पाण्यात?” मीसुद्धा तोच विचारला होता. सकाळी दुकानाचं शटर वर करत असताना सुमनवहिनींचा, सोपानच्या बायकोचा फोन आला. “भाऊजी, ह्ये गेले,” एवढंच त्या म्हणाल्या, आणि पवना धरणाचा तो खोल, शेवाळी भाग माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. पुढचं मी ऐकतच नव्हतो. शेवटी त्याच ओरडल्या, “पान्यात न्हाई वो! घरात. खुर्चीत बसल्या बसल्या. चहा तसाच हाय...”

पाण्यातून इतक्या जणांना वर आणणारा माणूस खंडाळ्यातल्या स्वतःच्या कोरड्या घरात, छातीत कळ येऊन जातो, याचा मला तेव्हा संताप आला होता. महिना उलटून गेला तरी तो उतरलेला नाही. लोक सांत्वनाला येतात, “सुखाचं मरण आलं हो,” म्हणतात. मी मान हलवतो आणि मनातल्या मनात त्यांना दुकानाबाहेर काढतो.

ज्यांना सोपान माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तो मावळातल्या शेतकरी घरातला, पवनेकाठचा. खंडाळ्याच्या एका हॉटेलात पोहण्याच्या तलावाची देखभाल करायचा. माझं घोरावाडी स्टेशनजवळ औषधांचं दुकान आहे, म्हणून तो मला मरेपर्यंत ‘डॉक्टर’ म्हणत राहिला. आमची ओळख धरणाच्या काठावरची. सहलीला आलेलं कुणीतरी बुडालं होतं आणि गावकरी दोरीला गळ बांधून पाण्यात टाकत होते. गळाला लागून ते शरीर ज्या अवस्थेत वर आलं, ते पाहून त्याच्या आईने हंबरडा फोडला. परत येताना सोपान म्हणाला, “डॉक्टर, हे असं मासं धरल्यासारखं माणूस काढायचं न्हाई. आपन खाली जायचं, हातानं आनायचं.” मला वाटलं, बोलतोय. पण त्याने कोकणात जाऊन स्कूबा डायव्हिंग शिकायचं ठरवलं आणि मलाही ओढत नेलं. मी आधीच भित्रा, त्यात पाण्याचा. पण सोपानला नाही म्हणणं मला कधी जमलंच नाही.

आता बॅगेचं सांगायला हवं, कारण ती समजल्याशिवाय सोपान समजायचा नाही. सुरुवातीच्या काळात एकदा तो घाईघाईत आपली बॅग भरून धरणावर आला. सूट, जॅकेट, पायांत घालायचे फिन्स, सगळं होतं, डोळ्यांवरचा मास्क तेवढा खंडाळ्याला खुंटीवर राहिला. तो आणायला माणूस धाडला. तोवर बुडालेल्या मुलाचा बाप काठावर बसून आमच्याकडे नुसता बघत होता. बोलला असता तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून सोपानने नियम केला, आपली बॅग आपण भरायची नाही. माझी तो भरणार, त्याची मी. “आपला तो बाब्या असतोय डॉक्टर, त्याच्यात खोट दिसत न्हाई. दुसऱ्याच्या कार्ट्यातच दिसती,” हे त्याचं तत्त्वज्ञान. मग तो माझ्या घरी येऊन जमिनीवर मांडी घालायचा, एकेक वस्तू हातात घेऊन उलटसुलट बघायचा आणि माझ्या गबाळेपणावरून बायकोसमोर माझी यथेच्छ खरडपट्टी काढायचा. मीही त्याच्या घरी जाऊन उट्टं काढत असे. सुमनवहिनी दारात उभ्या राहून हे सगळं बघायच्या. त्यांना त्या बॅगांचा राग होता आणि त्यांनी तो कधी लपवला नाही.

हा नियम आमच्या अंगाशी आला तो विमानतळावर. खंडाळ्याच्या घाटाखालच्या एका ठाकरवाडीतला नामदेव नावाचा तरुण उत्तरेकडे एका मोठ्या धरणावर सहलीच्या बोटींवर कामाला गेला होता. बोट उलटली आणि तो बुडाला. तिथल्या लोकांनी शोधलं, मग हात टेकले. धरणातून पाणी सोडणार होते आणि एकदा ते सोडलं की नामदेव कायमचा गेला असता. त्याची आई, हौसामावशी, सोपानच्या दारात येऊन बसली. रडली नाही. “त्याला हितं आन. मला त्याचं त्वांड बगायचंय,” एवढंच म्हणाली. रेल्वेने जाण्याइतका वेळ नव्हता. आम्ही दोघं पहिल्यांदाच सामान घेऊन विमानाने निघालो.

पाण्याखालचं सामान विमानात नेणं म्हणजे नसती उठाठेव असते. हवेचे सिलिंडर तिथेच मिळणार होते, म्हणून बरं. रिकामा सिलिंडर न्यायचा तरी त्याची झडप काढून तोंड उघडं ठेवावं लागतं. सुरी मोठ्या बॅगेत, ती हातात चालत नाही. टॉर्चची बॅटरी हातातल्या पिशवीत, ती मोठ्या बॅगेत चालत नाही. आणि रेग्युलेटर, म्हणजे ज्यातून तोंडाने श्वास घ्यायचा ते नळ्यांचं यंत्र, सोपान कुणाच्या बापाच्या हवाली करायचा नाही. ते कापडात गुंडाळून तो पोटाशी धरून बसायचा. मी सगळं विचारून, वाचून, त्याची बॅग अगदी नियमाने भरली होती. त्याने माझी.

काउंटरवरच्या मुलीने हसून विचारलं, “सर, बॅग तुम्ही स्वतःच भरलीय ना?”

“न्हाई,” सोपान म्हणाला. “माझी ह्यांनी भरली. ह्यांची मी.”

तिचं हसू मावळलं. मी घाईने म्हणालो, “तसं नव्हे मॅडम, आम्ही एकत्रच भरली.” सोपानने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याच्या अंगावर थुंकलो होतो. “एकत्र कुटं? तू माझ्या घरी भरलीस, मी तुझ्या घरी.” झालं. दोन सुरक्षारक्षक आले आणि बॅगा टेबलावर उपड्या झाल्या. नळ्या, पट्टे, सुरी. मी प्रत्येक वस्तूचं नाव सांगत होतो आणि माझा आवाज चिरकत होता. आमच्या विमानाची घोषणा झाली, पुन्हा झाली. मग एका रक्षकाने सोपानच्या फिनमध्ये हात घातला आणि आतून एक नारळ काढला.

“हा कुणी ठेवला?”

मी शपथेवर सांगितलं, मी नाही. ते सांगताना माझ्याच लक्षात आलं की यामुळे प्रकरण आणखी चिघळतंय. सोपानला मात्र कळलं होतं. गाडीत बसताना हौसामावशी बॅगेपाशी घोटाळत होती. नव्या पाण्यात उतरायच्या आधी त्याला नारळ द्यायचा, ही आमच्याकडची रीत. पोराला ज्या पाण्याने ठेवून घेतलंय त्याला रिकाम्या हाताने कसं सामोरं जायचं, म्हणून तिने गुपचूप सोय केली होती. रक्षकाने नारळ कानाशी हलवला. आत पाणी नव्हतं, सुकून गोटा झाला होता. सुकं खोबरं तेलामुळे पेट घेतं, विमानात चालत नाही, तो म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं. “तिकडे डब्यात टाका आणि जा.”

“डब्यात न्हाई टाकनार,” सोपान म्हणाला.

मी त्याच्या दंडाला धरलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्यावर ओरडलो. अरे, विमान गेलं तर तो पोरगा गेला! सोपानने हात सोडवला, शांतपणे चालत जाऊन तो नारळ भिंतीलगतच्या झाडाच्या कुंडीत, मातीवर ठेवला, हात जोडले आणि मग पळत सुटला. दार बंद होता होता आम्ही आत शिरलो. प्रवासभर तो माझ्याशी बोलला नाही. मीही नाही.

त्या धरणाचं पाणी बर्फासारखं आणि गढूळ. आम्ही पाळीपाळीने उतरायचो, एक खाली तर दुसरा वर दोरी धरून. त्या दिवशी काठावर दोरीचं टोक माझ्या हातात होतं, तिकडचं सोपानच्या कमरेला. तो ठरावीक वेळाने हिसका द्यायचा, म्हणजे सगळं ठीक. एकदा हिसका आला नाही. मी दोरी घट्ट धरून उभा, तिथला अधिकारी मागे सारखा घड्याळ बघतोय, आणि माझ्या मनात एकच, बॅग मी भरलीय. काही राहिलं असेल तर ते माझं राहिलेलं आहे... मग दोरी हळूहळू ढिली झाली आणि सोपान वर आला. त्याच्या हातांत नामदेव होता.

पाण्यातून निघाल्यावर लगेच विमानात बसता येत नाही, खोलवर घेतलेली हवा रक्तातून सुटायला वेळ लागतो. म्हणून नामदेव एकटाच विमानाने पुढे गेला आणि आम्ही दुसऱ्या दिवशी. सोपानला ते फार लागलं. वाडीवर पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. हौसामावशीने सोपानच्या तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, “नारळ दिलास का रं पान्याला?” मी मनात म्हटलं, आता तरी हो म्हण बाबा.

“न्हाई मावशी. इमानात न्हेऊ दिला न्हाई.”

ती म्हणाली, “मंग त्या पान्यानं फुकटच दिला म्हनायचा माझा ल्योक. बरं झालं. आता त्याचं देनं न्हाई.” त्या संध्याकाळी घाट चढताना सोपान मोटरसायकल बाजूला लावून रडला. आमचा अबोलाही तिथेच संपला.

गेल्या पावसाळ्यानंतर तो म्हणायला लागला होता, “डॉक्टर, सगळी हयात गढूळ पान्यात हात फिरवन्यात गेली. एकदा निवळशंख पानी बगू. जितं कुनाला हुडकायचं न्हाई.” आम्ही अंदमानची तिकिटं काढली. त्याने येऊन माझी बॅग भरली, शिव्या घातल्या, चहा घेतला, गेला. त्याची भरायला मी जाणार, त्याच्या आदल्या सकाळी वहिनींचा तो फोन आला.

माझी बॅग दुकानाच्या आतल्या खोलीत तशीच होती. मी तिला हात लावला नाही. सोपानने शेवटची ओढलेली ती चेन उघडायची माझी छाती होत नव्हती. गेल्या आठवड्यात धरणावरून निरोप आला, एक मुलगी बुडाली आहे, आमच्या हाताखाली शिकणारी नवी मुलं गेली आहेत, पण खोल भागात उतरायला सरावाचा माणूस हवा. मी सांगितलं, माझं सामान तयार नाही. फोन ठेवला आणि गोळ्यांची पाकिटं उगाच इकडची तिकडे करत बसलो. मला भीती वाटत होती, हे खरं कारण. वर कुणी नसताना मी खाली कसा जाणार?

तासाभराने सुमनवहिनी दुकानात आल्या. धरणावरच्या मुलांनी त्यांना फोन केला असणार. नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ आतल्या खोलीत गेल्या, जमिनीवर बसल्या आणि बॅगेची चेन ओढली.

“वहिनी, नको,” मी म्हणालो. “त्याने भरलीय ती.”

“ठाव हाय मला कुनी भरलीय ती.”

त्यांनी एकेक वस्तू बाहेर काढली. त्याच्या हाताच्या घड्या माझ्या डोळ्यांदेखत मोडत होत्या आणि मी काही करू शकत नव्हतो. मास्क एका जुन्या लोकरी मोज्यात घातलेला होता. तो मोजा पाहून त्या थांबल्या.

“ह्यो हितं व्हय? सगळं घर पालथं घातलं मी. एकच मोजा सापडतोय म्हनलं...” त्यांनी तो नाकाशी नेला. मी तोंड फिरवलं. मला वाटलं, आता त्या उठतील, मोजा घेऊन घरी जातील, आणि खरं सांगतो, मला सुटल्यासारखं झालं असतं.

त्यांनी मास्क बाहेर काढून उजेडात धरला, काच बघितली, पट्टा ताणून बघितला आणि पुन्हा त्याच मोज्यात घातला. मग अंदमानचा पातळ सूट बाजूला टाकला. “धरनाचं पानी गार असतंय. जाडा कुटं हाय?” मी कपाटातून जाडा सूट दिला. सूट, जॅकेट, फिन्स, सगळं त्यांनी जागच्या जागी बसवलं. रेग्युलेटर कापडात गुंडाळून माझ्या हातात दिला.

“मी पान्यात कदी पाय घातला न्हाई, भाऊजी. पन दारात उभं राहून इतकी वर्सं काय केलं म्या?”

त्यांनी चेन ओढली. “दोरी धरायला मी येते काठावर. उटा. त्या पोरीची आई बसली आसंल तितं.”

मी रेग्युलेटर पोटाशी धरला आणि उठलो.