‘उशीर’चं पोस्टर

वडिलांचा जो फोटो आज बाहेरच्या खोलीत लावलेला आहे, तो मी एका सिनेमाच्या पोस्टरसाठी निवडला होता.

सिनेमा म्हणजे वीस मिनिटांची शॉर्ट फिल्म. माझी भाची, बहिणीची मुलगी, नगरला कॉलेजात शिकते. शेवटच्या वर्षाला तिच्या गटाला एक फिल्म करायची होती. गोष्ट साधी : एक म्हातारा गावच्या एसटी थांब्यावर मुलाची वाट पाहत बसतो आणि गाडी काही येत नाही. नाव ‘उशीर’. म्हाताऱ्याचं काम वडिलांनी केलं. निवृत्त शाळामास्तर. कॅमेरा सुरू झाला की हजेरीला उभ्या राहिलेल्या पोरासारखे ताठ व्हायचे. “आजोबा, तुम्ही वाट बघताय, परीक्षा देत नाही,” असं भाची ओरडायची.

पोस्टरचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेत ग्रंथपाल आहे, शाळेच्या वार्षिक अंकाचं काम संगणकावर मीच करते आणि पानांच्या मांडणीविषयीची दोन-चार पुस्तकं वाचलेली आहेत. त्या पुस्तकांचा मला थोडा अभिमानही होता. भाचीला लालभडक नाव हवं होतं, मागे एसटी हवी होती. मी म्हटलं, “पोस्टरने ओरडायचं नसतं गं.” थांब्यावरच्या फोटोतलं कडुनिंबाचं झाड काढलं, बाकडं काढलं, रंग काढला. उरला काळ्या पार्श्वभूमीवर वडिलांचा चेहरा, जरा बाजूला पाहणारा. नाव खाली कोपऱ्यात बारीक. त्याखाली पांढऱ्या अक्षरांत ‘रविवार, सकाळी दहा वाजता. स्थळ : कॉलेजचे सभागृह’, आणि मुलांची नावं एकाखाली एक.

भाचीच्या मित्रांना गावच्या चौकात एक फ्लेक्स लावायचा होता, म्हणून मी देवळाली प्रवरातल्या फ्लेक्सवाल्याकडे गेले. त्याने स्क्रीनवर चित्र मोठं करून पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, “वय काय, मॅडम?”

“अठ्ठ्याहत्तर.”

“चांगलं वय हाय. खाली फुलं टाकू का दोन बाजूंनी?”

मला त्याच्या आवडीनिवडीचा रागच आला. म्हटलं, “काही टाकू नका. आहे तसंच छापा.”

आमच्याकडे कुणी गेलं की दहाव्याच्या विधीचे फ्लेक्स चौकाचौकात लागतात. फोटो, वार, वेळ, स्थळ आणि खाली घरच्यांची नावं. कामावर जाताना रोज मी ते वाचत जाते. तरीही मला दिसलं नाही.

फ्लेक्स चौकात लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भावकीतले तिघे जण आले. टोप्या घालून, काही न बोलता ओट्यावर बसले. आमच्याकडे असं बसतात ते एकाच प्रसंगी. दार उघडायला वडीलच गेले. मी आतून पाहत होते. तिघांपैकी जो थोरला, तो उठून उभा राहिला आणि पुन्हा खाली बसला.

“मास्तर… तुमी हायेत?”

“म्हणजे? कुठं जाणार?”

“न्हाई, चौकात…”

वडील चप्पल घालून चौकात गेले, फ्लेक्स पाहून आले आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी मात्र स्वयंपाकघरात ओटा धरून उभी होते. मी स्वतःच्या हाताने वडिलांना मारून चौकात टांगलं होतं आणि मांडणी चांगली जमली म्हणून खुशीत होते.

दुपारी आत्या आली.

ती अकोले तालुक्यात वरच्या अंगाला डोंगरात दिलेली. वडिलांपेक्षा चार वर्षांनी मोठी. अकरा वर्षं आमच्या घराची पायरी चढली नव्हती. आजी गेली तेव्हा तिला निरोप उशिरा पोचला, आणि वडिलांनी लोकांचं ऐकून तिची वाट न पाहता आजीला उचललं. आत्या आली तेव्हा घाटावर नुसती राख होती. ती तिथूनच माघारी फिरली. दर दिवाळीला वडील तिला पत्र टाकत. उत्तर येत नसे. भाऊबीजेला ते अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून दुपारपर्यंत बाहेरच्या खोलीत बसायचे आणि मग जेवायला उठायचे.

कुणीतरी फ्लेक्सचा फोटो पाहुण्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. तिच्या सुनेने तिला तो दाखवला. संगमनेर, कोल्हार करत तीन गाड्या बदलून ती आली. कोपऱ्यापासूनच तिचा हंबरडा ऐकू येत होता. वडील अंगणात शेंगा फोडत बसले होते.

ती थांबली. पदर तोंडाशी तसाच. मग पुढे होऊन तिने त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला.

“मुडद्या! जित्ता हाय की तू!”

“आक्का, तुला बोलवायला मरावंच लागतंय व्हय?”

ती तिथेच मातीत बसली. हसली, रडली, पुन्हा एक धपाटा दिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “पानी आन गं.” अकरा वर्षांनी ती आमच्या घरचं पाणी प्यायली.

चार दिवस राहिली. रविवारी फिल्म पाहायला आमच्याबरोबर नगरलाही आली आणि अंधारात मोठ्याने म्हणाली, “अरं, एवडं काय बसायचं, घरी जा की!” सगळं सभागृह हसलं. निघताना तिने माझा हात धरला. “ह्यो फोटू खोटा. पन खरं काय झालं तर मला पयलं सांगायचं. माझ्याबिगर उचलायचं न्हाई. आईचं तोंड न्हाई दिसलं मला.”

मी हो म्हटलं.

सात महिन्यांनी एका सकाळी वडिलांनी चहा मागितला. मी कप घेऊन आले, तर ते खुर्चीत होते आणि पेपर खाली पडला होता. मी कप शेजारी ठेवला, त्यावर बशी झाकली, थंड होऊ नये म्हणून. हे मी का केलं ते मला अजून कळत नाही.

घर भरलं. मी आत्याला फोन लावला, रेंज नव्हती. पुन्हा लावला. चुलतभाऊ म्हणाला, “ग्रुपवर टाकलंय मी. त्यांच्या सुनेनं बघितलंय, इथं दिसतंय की. निघाल्या असतील.” मी विश्वास ठेवला. तीनपर्यंत थांबलो. मग वडीलधारे म्हणाले, वाटेत असतील, घाटावर भेटतील. माझ्या तोंडून ‘नाही’ निघालं नाही.

ती घाटावर आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी राख सावडत होतो तेव्हा आली.

चुलतभावाने मेसेजमध्ये फोटो टाकला होता तो पोस्टरमधला. त्याच्याकडे तेवढाच होता. सुनेने तो आत्याला दाखवल्यावर ती हसली होती. म्हणाली होती, “मला आता न्हाई फसवायचं. सिनेमाचा फोटू हाय त्यो.” आणि भाताच्या खाचरात निघून गेली होती. संध्याकाळी कुणाचा तरी फोन लागला तेव्हा तिला कळलं.

मला वाटलं, ती आताही घाटावरूनच माघारी फिरेल. ती घरी आली. बाहेरच्या खोलीत लावलेल्या फोटोसमोर बसली. मग म्हणाली, “ह्योच का लावला गं? ह्यो खोटा म्हनून ठरलं हुतं ना?”

मी दुसरा फोटो शोधला. वडिलांचा एकट्याचा, इतका स्वच्छ, दुसरा नव्हताच.

दहाव्याचा फ्लेक्स करायला निघाले तर आत्या म्हणाली, मी येते. फ्लेक्सवाल्याने मला ओळखलं. तो चांगला माणूस आहे. त्याने खुर्च्या पुसून दिल्या आणि संगणकात शोधाशोध केली. “फाईल हाय ना मॅडम आपल्याकडं. काय करायला नको. फक्त खालची अक्षरं बदलायची.”

स्क्रीनवर माझं पोस्टर उघडलं. काळी पार्श्वभूमी, बाजूला पाहणारे वडील, खाली रविवार, सकाळी दहा. खरंच, बाकी काहीच बदलायला नको होतं.

आत्या पुढे सरकली. तिला वाचता येत नाही. तिने वडिलांच्या डोक्यावरच्या मोकळ्या काळ्या जागेवर बोट ठेवलं, जी मी मोठ्या विचाराने रिकामी सोडली होती.

“हितं लिव्ह. गेला म्हनून लिव्ह. लांबून दिसंल असं.”

फ्लेक्सवाल्याने माझ्याकडे पाहिलं. “केवढं घेऊ, मॅडम?”

“मावेल तेवढं मोठं,” मी म्हटलं. “आणि फुलं टाका.”