ठेवाय दिलेलं

आमच्या शेजारचा ख्रिस्ती सुतार कुठल्याच वस्तूला 'माझी' म्हणत नसे. रंधा कुणाचा विचारलं, की मान ताठ करून सांगे, "देवाचा. मला ठेवाय दिलाय." ते ऐकून मी पुष्कळदा चिडायचो. एकुलती एक लेक तापानं गेली, तरी त्याचं बोलणं बदललं नाही.

मुळशीचं धरण भरायला लागलं, तेव्हा जो तो घराचे वासे, दारं उतरवून वर नेत होता. यानं आपली सागवानी दारं शेजारच्या विधवा मावशींच्या बैलगाडीत चढवली. "मावशी, आता तुमी ठेवा," एवढंच म्हणाला आणि लेकीच्या कबरीपाशी जाऊन बसला. कबरही पाण्याखाली जाणार होती.

मला राहवेना. मागोमाग जाऊन मी म्हणालो, "मंग पोरगीबी देवानं ठेवायलाच दिली व्हती म्हन की!"

तो उठून उभा राहिला. तशी ताठ मान मी आमच्या अख्ख्या खोऱ्यात दुसऱ्या कुणाची पाहिली नाही.

"न्हाई," तो म्हणाला. "ती माझी हाय. देवापाशी ठेवाय दिलीया."