चांदव्याखालचा वर्ग

निरुपमा दिघे जन्माला आल्या त्याच भीत भीत आल्या असणार, असं त्यांचे यजमान श्रीकृष्णराव चारचौघांत सांगत. त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. बाई पालीला भीत, स्टोव्हला भीत, पोस्टमनला भीत. सासूबाईंना तर त्या वारल्यावरही भीत. सुरसागरच्या काठानं जायचं झालं तर तलावाच्या बाजूला नवऱ्याला चालायला लावत. वडील संस्थानी अमदानीत महाराजांच्या खानगी खात्यात कारकून होते. ‘हुजूर’ हा शब्द ते घरात जेवताना काढायचे तरी आवाज खाली आणून. अशा घरातलं मूल निधड्या छातीचं निघायचं तरी कुठून?

अशी बाई मास्तरीण झाली ती वडील अकाली गेले म्हणून. चूल पेटायला पगार हवा होता. पण गंमत अशी, की पहिलीचा वर्ग त्यांना मानवला. पहिलीतली मुलं बाईंना भीत नसत आणि बाई मुलांना भीत नसत. उभ्या बडोद्यात त्यांचा जीव मोकळा व्हायचा तो त्या एका खोलीत.

ती खोली होती दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत. शाळा संस्थानच्या काळातली, दुमजली, सागवानी तुळयांची. गुजरात वेगळं होऊन पंधराएक वर्षं झाली होती. जुनी मराठी घरं हळूहळू सुभानपुऱ्याकडे, वासण्याकडे बंगले बांधून निघून चालली होती आणि त्यांची पोरं इंग्रजी शाळेत जाऊ लागली होती. आमच्या शाळेत उरली ती रेल्वेतल्या खलाशांची, कोयलीच्या रिफायनरीत रोजंदारीवर लागलेल्यांची आणि ज्यांना दुसरीकडे कुणी घेत नाही त्यांची. पट दरवर्षी खाली येत होता. छतही खाली येत होतं, पण ते फक्त बाईंच्या लक्षात आलं.

आधी एक पोपडा एका मुलीच्या पाटीवर पडला. मुलीनं तो बाईंना खडू म्हणून आणून दिला. मग दिवाळीच्या सुट्टीनंतर बाईंनी वर्ग उघडला आणि पाहिलं, तर मधल्या तुळईजवळ छतानं पोट काढलेलं. काठीनं हळूच टोचलं तर आतून पोकळ आवाज आला आणि वाळवीनं खाल्लेला भुसा तोंडावर सांडला. त्या दिवसापासून बाईंचं जेवण गेलं. शिकवताना नजर वर, मुलं पाढे म्हणताहेत आणि बाई छताकडे बघून मान डोलावताहेत. मुलांना वाटायचं, बाई देवाला नमस्कार करतात.

दत्ताजीराव मोहिते हेडमास्तर होते. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, ताठ मान. स्वतः याच शाळेत शिकलेले. बाईंनी कशीबशी तक्रार त्यांच्या कानावर घातली. त्यांनी वर जाऊन छताखाली उभं राहून पाहिलं आणि म्हणाले, “जुनं लाकूड आहे दिघेबाई. माझ्या बापानं पाहिलं तेव्हाही असंच होतं. मुलांना थोडं बाजूला बसवा.”

बाईंनी बसवलं. पण खोली एवढीशी, बाजू कितीशी असणार? चार मुलं भिंतीशी सरकवली तर दुसरी चार मधे यायची. आज कुणाला त्या पोटाखाली बसवायचं, हे रोज सकाळी बाईंनाच ठरवावं लागे. असलं ठरवणं वैऱ्यावरही येऊ नये.

त्याच हिवाळ्यात गावात एक वाद पेटला. म्युनिसिपालिटीनं मोठं कर्ज काढून गावातल्या सगळ्या शाळांच्या इमारती दुरुस्त कराव्यात, असा ठराव यायचा होता. पानाच्या गादीवर तेच, भाजीच्या लारीवर तेच. कर्ज काढलं की घरवेरो, म्हणजे घरपट्टी, वाढणार, म्हणून अर्धं गाव विरोधात. आपली मराठी मंडळीही काही मागे नव्हती. शेजारचे जयवंतराव ओट्यावर बसून हातवारे करत सांगायचे, “ऋण काढून सण कुणी सांगितलाय? माझी पोरं जातात कॉन्व्हेंटात. त्यांच्या भिंतींचा वेरो मी का भरू?” ते ज्या शाळेत ‘अ आ ई’ शिकले तिच्याच भिंती या, हे मात्र सोयीस्कर विसरले होते. विसरायला काही पैसे पडत नाहीत.

दोन्ही बाजू तुल्यबळ झाल्या, तेव्हा ठरलं की म्युनिसिपालिटीच्या सभासदांनी काही शाळा स्वतःच्या डोळ्यांनी पाहाव्यात आणि मग मत द्यावं. त्यात आमची शाळा आली.

निरुपमाबाईंनी त्या दिवशी घरी देवाला साखर ठेवली. आता सगळे बघतील, आपल्याला तोंड उघडायची गरजच नाही! पण दुसऱ्याच दिवशी दत्ताजीरावांनी सगळ्या मास्तरांना आणि बाईंना आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“हे लोक दुरुस्तीसाठी येताहेत असं कुणी समजू नका,” ते म्हणाले. “शाळा मोडकी दिसली की काय म्हणतील? पट नाही, इमारत नाही, लावा कुलूप, पोरं घाला गुजराती निशाळेत. निमित्तच हवंय त्यांना. झाकली मूठ सव्वा लाखाची. आधी ही भेट निभावू, छताचं मग मी बघतो.”

बाईंना कळत होतं, ते म्हणत होते तेही खरं होतं. शाळा गेली तर ही मुलं ‘कमळ’ कुठे गिरवणार? इकडे आड, तिकडे विहीर. आणि हेडमास्तरांपुढे ‘पण’ म्हणायची त्यांची छाती कधीच नव्हती.

मग जे झालं ते फक्त बडोद्याचीच मराठी माणसं करू जाणोत. संस्थानच्या दिवसांत हुजूर शाळा पाहायला येत, तेव्हा आठ-आठ दिवस तयारी चाले. पाहुण्यापुढे फाटकं म्हणून काही ठेवायचं नाही, ही रीत हाडीमाशी खिळलेली. हुजूर गेले, संस्थान गेलं, पण रीत काही गेली नाही. चुन्याचे दोन हात बसले. दाराला तोरण लागलं. आणि छताच्या त्या पोटावर काय करावं? तर दत्ताजीरावांनी कुणाच्या तरी मुंजीतला लाल चांदवा मागवून आणला आणि चारी कोपऱ्यांना बांधून छत झाकून टाकलं. कर्ज मागायला निघालेल्या माणसानं जरीचा फेटा बांधून जावं, तसला प्रकार. बाईंनी दारात रांगोळी काढली. सुंदर काढली. ठिपका एकही चुकला नाही, आणि त्याचंच त्यांना रडू येत होतं.

पाहुणे सकाळी आले. सगळ्यांत देखणी खोली आता पहिलीचीच, म्हणून खुर्च्या तिथेच मांडलेल्या. जायफळाची कॉफी, चिवडा. समोर चांदव्याखाली चटईवर मुलं स्वागतगीत म्हणत बसलेली. पाहुण्यांत जशभाई म्हणून एक सभासद होते. कर्जाला सर्वांत मोठा विरोध त्यांचा. माणूस वाईट नव्हता. पोटानं आणि हसण्यानं सारखाच मोकळा होता.

गाण्याचं दुसरं कडवं चाललं होतं, तेव्हा वर ‘थप्’ असा आवाज झाला. चांदव्याला मधोमध नारळाएवढा फुगा आला. पाहुण्यांपैकी कुणी पाहिलं नाही. कापडातून पांढरी भुकटी गळून पहिल्या रांगेतल्या एका मुलीच्या वेण्यांवर पडली. तिनं मान झटकली आणि गात राहिली.

बाईंनी दत्ताजीरावांकडे पाहिलं. त्यांनीही फुगा पाहिला होता. त्यांनी डोळ्यांनीच ‘आता नाही’ म्हटलं. गाण्याची कडवी काही संपेनात. बाई मनातल्या मनात देव आठवायला लागल्या, तर एकाही देवाचं नाव आठवेना.

गाणं संपलं. जशभाईंनी टाळ्या वाजवल्या. “आटली सरस निशाळ! दत्ताजीराव, आमां रिपेरिंग शेनुं? एवढी छान शाळा, मग गावाच्या डोक्यावर लोन कशाला?” सगळे हसले. दत्ताजीरावही हसले. म्हणाले, “मुलांनो, पाहुण्यांना आणखी एक गाणं म्हणून दाखवा.”

“उठा,” बाई म्हणाल्या.

आवाज एवढा चमत्कारिक निघाला, की मुलांना तो कुणाचा तेच कळेना.

“उठा म्हणते ना! बाहेर! पळा!”

मुलं पळाली. कुणाचा तरी पाय लागून कॉफीचा कप उपडा झाला. खोलीत चटया उरल्या आणि त्यांच्या कडेला उभ्या असलेल्या निरुपमाबाई.

“दिघेबाई!” दत्ताजीराव ओरडले.

“शुं थयुं, बेन?” जशभाई म्हणाले. “साप निघाला की काय?”

बाईंना सांगायला बरंच होतं. तुळई, वाळवी, रोज सकाळी कुणाला मधे बसवायचं ते. त्यातलं काही ओठांवर आलं नाही. आलं ते एवढंच, “मने बीक लागे छे. भीती वाटते मला.”

“शेनी बीक?”

बाईंनी वर बोट केलं. जशभाईंनी वर पाहिलं. “ए तो कापड छे, बेन!” पुन्हा हशा झाला.

“मग तुम्ही बसा ना तिथे,” बाई म्हणाल्या. हे आपण बोललो, यावर त्यांचा पुढे जन्मभर विश्वास बसला नाही. “एक पाठ होईपर्यंत बसा.”

जशभाई खेळकर माणूस. “लो, बेठो!” म्हणत ते खरोखरच त्या चटईवर, भुकटी पडलेल्या मुलीच्या जागेवर, मांडी घालून बसले. आणि बाईंच्या मनात आलं, आता हा माणूस मेला तर? आपण बसवलं म्हणून मेला तर? इतके महिने ज्या छताचा धोका सर्वांना कळावा म्हणून झुरत होत्या, त्यालाच आता हात जोडून म्हणत होत्या, पडू नकोस रे बाबा, एवढ्यात पडू नकोस.

हसू थांबलं. जशभाई खालून वर बघत राहिले. खुर्चीवरून जे नुसतं कापड दिसतं, ते चटईवरून पोट दिसतं. पुन्हा ‘थप्’ झालं. फुगा आणखी उतरला आणि पांढरी भुकटी त्यांच्या चष्म्यावर आली. त्यांनी चष्मा पुसला नाही. डाव्या-उजव्या चटयांकडे पाहिलं. मग हात टेकून उठले, भिंतीशी गेले आणि म्हणाले, “दत्ताजीराव, आ छोडावो.”

शिपायानं चांदवा सोडला. त्यातून घमेलंभर चुना-विटा पडल्या आणि वरचं सगळं उघडं झालं. कॉफीला मग कुणी हात लावला नाही.

सभेत ठरावावर बोलायची जशभाईंची पाळी आली तेव्हा ते उठून म्हणाले, “हुं बेठो हतो त्यां,” आणि खाली बसले. आपण तिथे बसलो होतो, एवढंच. कर्ज मंजूर झालं.

पण दत्ताजीराव म्हणाले होते तेही झालं. इंजिनियरनं इमारत पाहिली आणि दुरुस्तीलायक नाही असा शेरा मारला. कर्जाचे पैसे इतर शाळांना गेले. आमची मुलं एका गुजराती शाळेत दुपारच्या पाळीला बसू लागली आणि पुढच्या वर्षी मराठी वर्ग त्यांच्यातच मिसळून गेले. निरुपमाबाईंना तिथे शिवणाचा तास मिळाला. हळदीकुंकवाला बायका वाण देता देता म्हणत, हिच्या भित्रेपणापायी शाळा गेली. जयवंतरावही म्हणत, आणि ते तर ठणठणीत आवाजात म्हणत. बाईंना ते पटत होतं. रस्त्यात लांबून काळी टोपी दिसली तरी त्या गल्ली बदलत. हेडमास्तर त्यांच्याशी त्या दिवसापासून एक शब्द बोलले नव्हते.

आणि एका संध्याकाळी दत्ताजीरावच दारात उभे राहिले. कोटावर सगळा धुरळा. श्रीकृष्णरावांनी खुर्ची पुढे केली. बाई आतल्या दाराशी पदर सावरत उभ्या राहिल्या. क्षमा कशी मागायची याची वाक्यं त्यांनी केव्हाची जुळवून ठेवली होती.

“आज इमारत पाडायला घेतली,” दत्ताजीराव म्हणाले. “बघायला गेलो होतो. पहिलीच्या वर्गात मजुरानं नुसती शिडी टेकवली हो. पहार लावलीसुद्धा नव्हती. सगळं खाली आलं, तुळईसकट. मजूर दाराशी होता म्हणून वाचला.”

“सर, माझ्यामुळे शाळा...” बाईंनी सुरुवात केली.

“थांबा, बाई.” त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. बाईंनी त्यांना टोपीवाचून कधी पाहिलं नव्हतं. “शाळा बंद पडेल म्हणून मी भ्यालो. वरच्या साहेबाला भ्यालो. चार लोक काय म्हणतील याला भ्यालो. आणि ते फुगलेलं कापड मी माझ्या या डोळ्यांनी पाहत होतो. खाली पोरं गात होती. मी त्यांना आणखी एक गाणं म्हणायला सांगितलं, बाई. मला त्याची भीती कशी वाटली नाही?”

बाईंनी जुळवून ठेवलेलं एकही वाक्य याला लागू पडत नव्हतं. त्या पाणी आणायला आत गेल्या. परत आल्या तेव्हा सर तसेच बसले होते, आणि पुन्हा तेच विचारत होते.