मांत्रिकाने भाजलेला राब

मी मांत्रिकाला भर वैशाखात रिकामी शेतं जाळायला लावली, ही चूक माझीच. पेरणीआधी जमीन भाजतात त्या राबाचा धूर नाकात गेला की ती आठवते. गावी, शेणव्याला, मित्राच्या ओटीवर मी रचलेल्या जगाचा खेळ रंगला होता. मी गोष्ट सांगायची, मित्रांनी फासे टाकून दुष्ट मांत्रिकापासून गाव वाचवायचं. त्या जगात जादू महाग, म्हणून मांत्रिकाने आयुष्याची दहा वर्षं देऊन ती आग लावली. "आता गाव उपाशी मरणार," मी खर्जात म्हणालो. तांदूळ पाखडणारी मित्राची आई उसळली, "नाय मरायचं कोन! त्याने फुकटात राब भाजून दिला ना रे! भात जोरात येल." गाव वाचलं, मित्र नाचले. माझ्या खोट्या गावासाठी ती खरी भांडली, या अभिमानाने माझी छाती आजही फुगते. तेव्हाही फुगली होती, तर ती म्हणाली, "जग कसलं रचतोस? आधी एक पावसाळा चिखलात उतर."